अर्ध्या मिलिग्रॅमचा हिशोब

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात तापीकाठच्या काळ्या रानात भुईमूग किंवा हरभरा मधूनच पिवळा पडतो. कोवळ्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मधला भाग फिकट होत जातो. पान तोडून कृषी सेवा केंद्रात नेऊन दाखवलं, की दुकानदार हिराकस फवारायला सांगतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. नवल याचं, की ही जमीन लोहाने भरलेली आहे. दख्खनच्या ज्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ती तयार झाली, त्यात लोहाची ऑक्साइडं दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात. पण मातीत चुनखडी असते, सामू आठाच्या वर जातो, आणि अशा मातीत लोह पाण्यात विरघळत नाही. मुळाभोवती लोहाचा ढीग असूनही झाड उपाशी राहतं.

हिराकस तेवढं शेतातच थांबत नाही. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून जी लाल गोळी मिळते, तिच्यातही फेरस सल्फेटच असतं. (अर्थात औषधी शुद्धतेचं. शेतातलं हिराकस कुणीही पोटात घेऊ नये.) जमिनीत लोह असून झाडाला मिळत नाही आणि भाकरीत लोह असून बाईच्या रक्तात येत नाही, या दोन्हींच्या मुळाशी एकच रसायन आहे. खाल्लेलं लोह विरघळलेलं राहिलं तरच आतड्याची भिंत ते उचलते. ते कशाला तरी घट्ट बांधलं गेलं, की शौचावाटे निघून जातं.

‘आंगमा रगत कमी शे’ हे वाक्य खान्देशात घरोघरी ऐकू येतं, आणि आकडेही तेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत ते ६८.९ टक्के निघालं. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावरची ही तपासणी रक्तक्षय जरा जास्त दाखवते, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आहे आणि त्यात तथ्य आहे. २०१६ ते २०१८ या काळात देशभर शिरेतलं रक्त घेऊन मुलांचं मोठं पोषण सर्वेक्षण झालं, त्यात आकडे खाली आले. तरीही एक ते चार वर्षांच्या मुलांतली ४१ टक्के मुलं रक्तक्षयी होतीच. मोजपट्टी बदलली म्हणून दुखणं नाहीसं होत नाही.

प्रौढ माणसाच्या अंगात एकूण लोह तीन ते चार ग्रॅम. त्यातलं सुमारे दोन तृतीयांश तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात, आणि फुफ्फुसातला प्राणवायू त्यांनाच चिकटून अंगभर फिरतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की शरीर तिच्यातलं लोह फेकत नाही, गोळा करून पुन्हा नवी पेशी घडवायला लावतं. असं रोज वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह आतल्या आत फिरत असतं. बाहेरून रोज घ्यावं लागतं ते फक्त एक ते दोन मिलिग्रॅम, कारण तेवढंच त्वचेतून, आतड्याच्या झडलेल्या पेशींतून आणि स्त्रियांच्या पाळीतून जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकायला मात्र शरीरात वाटच नाही. त्यामुळे सगळा पहारा आतड्याच्या दारावर असतो. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक ते दार उघडतं आणि बंद करतं. साठा कमी असला की दार सैल, भरला की घट्ट. ताप किंवा जंतुसंसर्ग झाला तरीही ते घट्ट होतं, कारण जंतूंनाही लोह हवं असतं. सतत आजारी पडणारं मूल चांगलं खाऊनही निस्तेज राहतं, त्याचं एक कारण हे.

आता ताट मांडून हिशोब करू. कापूस वेचायला जाणारी एक बाई दिवसभरात चार भाकरी खाते, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम ज्वारी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत जवळपास ४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे भाकरीतून १२ मिलिग्रॅम. वाटीभर उडदाच्या डाळीतून दोन-सव्वादोन, भाजीतून एखादं. एकूण पंधरा. धान्य-डाळीच्या जेवणातलं लोह अंगी लागण्याचं प्रमाण पोषणतज्ज्ञ ८ टक्के धरतात. पंधराचे ८ टक्के म्हणजे १.२ मिलिग्रॅम. तिला हवं किती? रोजची झीज मिलिग्रॅमभराच्या आत. पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. त्याच्याबरोबर जाणारं १५ ते २० मिलिग्रॅम लोह महिन्यावर वाटलं तर रोजचं अर्धं मिलिग्रॅम. एकूण दीडच्या आसपास. अंगावर जास्त जाणाऱ्या बाईला दोनच्याही वर. पहिलीची तूट ०.३, दुसरीची ०.८ च्याही वर; मधली धरली तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. एवढीशी तूट वर्षानुवर्षं साचत जाते, आधी साठा रिकामा करते आणि मग हिमोग्लोबिन खाली आणते. पण ती एवढीशीच असल्यामुळे जेवणातल्या एखाद्या लहान फरकाने ती भरूनही निघू शकते, आणि लहानशा सवयीने दुप्पटही होऊ शकते.

अशी सवय म्हणजे जेवणाला लागून घेतलेला चहा. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत डरबनजवळच्या भारतीय वस्तीतल्या गृहिणींवर एक अभ्यास झाला होता. भात आणि बटाटा-कांद्याचं सूप असं जेवण दिलं तेव्हा त्यांच्या अंगी सुमारे ११ टक्के लोह लागलं. त्याच जेवणाबरोबर चहा दिला तेव्हा अडीच टक्के. चहातली टॅनिनं लोहाला बांधून ठेवतात. आपल्याकडे सकाळी चहा-पोळी, चहा-खारी, शेतावर भाकरी झाली की लगेच अर्धा कप. चहा सोडा असं सांगायची गरजच नाही. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवलं तरी पुरे.

धान्यात आणि कडधान्यात लोहाला बांधणारा आणखी एक पदार्थ असतो, फायटेट. बी आपल्या रोपासाठी स्फुरद साठवतं ते या रूपात. क जीवनसत्त्व त्याच्या उलट काम करतं, लोहाला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवतं. राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींना भाताच्या जेवणाबरोबर १०० ग्रॅम पेरू दिला तेव्हा लोहाचं शोषण दुपटीच्या आसपास गेलं. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात शिरपूरच्या बाजारात पेरूचे ढीग लागतात, ते जेवणाबरोबर खायचे. पेरू नसेल तेव्हा लिंबू. मात्र लिंबू पिळायचं ते वाढून घेतलेल्या डाळीवर. उकळत्या भांड्यात पिळलं तर उष्णतेने त्यातलं बरंचसं जीवनसत्त्व जातं. मटकी-मुगाला मोड आणले की बियाण्यातलं एन्झाइम फायटेट तोडायला लागतं, शिवाय थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं. भिजवण्याने आणि आंबवण्यानेही हेच घडतं. उन्हाळ्यात बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी भिजत घालणाऱ्या बायका फायटेट मोडतात, ते चवीच्या ओढीने.

कळण्याच्या भाकरीबद्दल मात्र जरा सावध बोलायला हवं. दादर ज्वारीत सालासकट उडीद दळून केलेली ही भाकरी, वर ठेचा, कच्चा कांदा आणि तेलाची धार. खान्देशी माणसाला याहून मोठं सुख नाही. अख्ख्या उडदात १०० ग्रॅमला सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असतं, त्यामुळे कळण्यात ज्वारीपेक्षा लोह थोडं वाढतं. पण उडदात फायटेटही असतं. कळण्याचा खरा फायदा प्रथिनांचा आहे. ज्वारीत लायसिन कमी, उडदात भरपूर, आणि दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. लोहासाठी कळणा खातो असं म्हणण्यापेक्षा कळण्याबरोबर लिंबाची फोड घेतो असं म्हणावं.

असेच आणखी काही समज तपासायला हवेत. केळी आमच्या भागाचं पीक. कापलेलं केळं किंवा भरताचं वांगं काळं पडतं म्हणून त्यात लोह खूप, असं शिकली-सवरलेली माणसंही सांगतात. केळ्यात १०० ग्रॅमला अर्धं मिलिग्रॅमही लोह नसतं, वांग्याचंही तसंच. ते काळं पडतं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइममुळे, आणि त्या एन्झाइमच्या गाभ्यात तांबं असतं. बाळंतिणीच्या लाडवांतल्या अळिवात जुन्या तक्त्यात १०० मिलिग्रॅम लोह लिहिलेलं होतं. नव्या मोजणीत ते १७ च्या जवळ आलं. तरीही ते तिळाच्या बरोबरीने वरच्या रांगेत बसतं, म्हणून लाडू जरूर खावेत, पण चिमूटभर अळिवाने रक्त भरेल ही आशा धरू नये. मांसाहारी घरात कलेजी, मटण यांतलं काही लोह हिमोग्लोबिनसारख्याच रूपात असतं. त्याला फायटेट आणि चहा फारसे अडवत नाहीत, आणि ते १५ ते ३५ टक्के अंगी लागतं. आठवडी बाजारातली मूठभर सुकट भाजीत पडली तर भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं. लोखंडी कढईचा उपयोगही खरा आहे. चिंच, टोमॅटो यांसारखं आंबट त्यात शिजलं की लोह अन्नात उतरतं. तव्यावरच्या कोरड्या भाकरीत मात्र फारसं उतरत नाही.

लोहाइतकाच जस्ताचा प्रश्न भाकरी-पोळी खाणाऱ्यांचा आहे, आणि तो उलगडला एका भारतीय डॉक्टरने. बिहारमधल्या बक्सरचे आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला होते. त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा. अंगात रक्त नाही, वयात आल्याची खूण नाही. जेवण म्हणजे बहुतेक न आंबवलेल्या कणकेची रोटी, आणि त्याला माती खायची सवय होती. नुसत्या लोहाच्या कमतरतेने वाढ एवढी खुंटत नाही, हे प्रसादांना खटकलं. रोटीतल्या फायटेटने आणि मातीने लोहाबरोबर जस्तही अडवलं असणार, असा त्यांचा तर्क होता. पुढे इजिप्तमध्ये अशाच रुग्णांवर त्यांनी तो सिद्ध केला. त्याआधी माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हेच वैद्यकाला मान्य नव्हतं.

आपल्या गावातही भिंतीचा पोपडा, चुलीची माती, पाटीवरची पेन्सिल खाणारी मुलं आणि गरोदर बाया दिसतात. त्यांना रागवून उपयोग नाही. माती खाणं ही बहुतेकदा रक्तक्षयाचीच खूण असते, आणि ती मातीच पुढे लोह-जस्त अडवते. लहान मुलांच्या जुलाबात तर जस्त हे औषधच आहे. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी शिफारस केली, की क्षारसंजीवनीबरोबर सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम जस्त १४ दिवसांपर्यंत द्यावं. जुलाब थांबले की आई गोळ्या बंद करते, आणि नेमकं तिथेच चुकतं. आतड्याची झालेली झीज भरून यायला पुढचे दिवस लागतात.

बाकीच्या सूक्ष्म खनिजांचं थोडक्यात. आयोडीन मायक्रोग्रॅममध्ये लागतं, पण गरोदरपणात ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूचं नुकसान भरून निघत नाही. म्हणून मिठात ते मिसळतात. विना-आयोडीन मीठ खाण्यासाठी विकण्यावरची बंदी २००० साली उठवली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा आली. घरी मात्र ते मीठ चुलीजवळ, उघड्या बरणीत, ओलसर पडलं तर आयोडीन उडून जातं. कोबाल्ट हे ब-१२ जीवनसत्त्वाच्या मधोमध बसलेलं असतं. ब-१२ वनस्पतीत नसतंच, त्यामुळे दूध-दहीही पोटभर न मिळणाऱ्या शाकाहारी घरात रक्तक्षयाचं कारण लोहाऐवजी ब-१२ ची कमतरता हेही असू शकतं. लाल गोळीत लोहाच्या सोबतीला असलेल्या फॉलिक आम्लाची कहाणी तर मुंबईची आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर तिथे आली. गिरणगावातल्या गरोदर कामगार बायकांच्या एका वेगळ्याच रक्तक्षयावर तिने काम केलं, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक आम्ल.

गोळ्यांकडे वळू. गर्भारपणात एकूण हजारेक मिलिग्रॅम जादा लोह लागतं. ते जेवणातून निघणं शक्य नाही, तिथे गोळीला पर्याय नाही. किशोरवयीन मुलींना शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि घाबरून किंवा कंटाळून ती खिडकीतून बाहेर जाते. काळं होणं निरुपद्रवी आहे, न शोषलेल्या लोहाचा तो रंग, एवढं आशाताईंनी नीट सांगितलं तरी कितीतरी गोळ्या पोटात जातील. झ्युरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुणींमध्ये असं पाहिलं, की एका गोळीनंतर दिवसभर हेप्सिडिन चढलेलं राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. त्यापेक्षा दिवसाआड घेतलेली गोळी जास्त अंगी लागते आणि त्रासही कमी देते. रोजच्या गोळीने ज्यांना फार मळमळतं, त्यांनी ती सोडून देण्याआधी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं. जंताची गोळीही तेवढीच महत्त्वाची. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि वर काढलेली अर्ध्या मिलिग्रॅमची तूट कितीतरी पटीने वाढवतात. शेतात पायात चप्पल असणं हाही लोहाचाच उपाय आहे.

तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरात मात्र एक वेगळं कारण समोर येतं. पावरा आणि भिल्ल समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा जन्मतःच बदललेला असतो. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्याच्या आकाराची होते, बारीक शिरांत अडकते, लवकर मोडते. मलेरियाच्या जंगलात हा दुवा एकाच पालकाकडून आला तर जगायला मदत झाली, म्हणून तो टिकला. दोन्ही पालकांकडून आला की आजार. या रुग्णाचं हिमोग्लोबिन कमी असतं, डोळ्यांची पापणी फिकी असते, पण लोह कमी असेलच असं नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर एका पिशवीतून २०० मिलिग्रॅमहून जास्त लोह आत जातं, आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराला नाही. ते यकृतात आणि हृदयात साचतं. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला फॉलिक आम्ल नेहमी द्यावं, लोह मात्र तपासून. नुसता वाहक असलेल्या माणसाला ही अडचण नाही, त्याला गरज असेल तर लोहाची गोळी चालते. ‘रगत कमी’ म्हटलं की सगळ्यांना एकच गोळी, असं या पट्ट्यात करून चालणार नाही. आधी विद्राव्यतेची साधी चाचणी आणि ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, हा क्रम इथे पाळायलाच हवा.

आणि एक गोष्ट धुळ्यातच घडली आहे, तिचा गाजावाजा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची बाजरी संशोधन योजना आहे. तिथून २०१८ साली ‘फुले महाशक्ती’ हा बाजरीचा संकरित वाण आला. त्याच्या किलोभर दाण्यात ८७ मिलिग्रॅम लोह आणि ४१ मिलिग्रॅम जस्त असतं. नेहमीच्या वाणांत लोह ४५ ते ५० आणि जस्त २० ते २५. त्याच वर्षी भारताने बाजरीच्या नव्या वाणासाठी किलोला किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त अशी अट घातली. असं करणारा हा पहिला देश. त्याआधी २०१२ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने राहुरीच्या विद्यापीठाबरोबर काढलेला ‘धनशक्ती’ वाण महाराष्ट्रात आला होता, आणि त्याचं बियाणं शेतकऱ्यांपर्यंत नेलं ते जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सने.

अशा बाजरीचा उपयोग होतो का, हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पाहिलं गेलं. १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी आणि पुढे शेव दिली, काहींना लोहाने समृद्ध बाजरीची, काहींना साध्या. समृद्ध बाजरी खाणाऱ्यांचा लोहाचा साठा चार महिन्यांतच वाढलेला दिसला. ज्यांचा साठा सुरुवातीला रिकामा होता, त्यांची तूट सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साधी बाजरी खाणाऱ्यांपेक्षा दीडपटीहून जास्त ठरली. गोळी नाही, औषध नाही, तीच भाकरी. आपल्या हिशोबातल्या बाईने ३०० ग्रॅम फुले महाशक्ती खाल्ली तर भाकरीतूनच २६ मिलिग्रॅम लोह येतं. आठ टक्क्यांनी दोन मिलिग्रॅम.

अडचण आहे ती बाजारात. दाण्याकडे पाहून त्यातलं लोह कळत नाही, बाजार समितीच्या लिलावात त्याला वेगळा भाव नाही, आणि शेतकरी वाण निवडतो तो उताऱ्यावर आणि कडब्यावर. लोहाची बाजरी आणि साधी बाजरी एकाच ढिगात पडते. ती वेगळी घेऊ शकतील असे गिऱ्हाईक तालुक्यातच आहेत, सातपुड्यातल्या आश्रमशाळा आणि अंगणवाड्या. त्यांच्यासाठी बाजरी दाण्याच्याच रूपात घ्यावी लागेल, कारण तिचं पीठ दळल्यावर थोड्याच दिवसांत कडू होतं. दर आठवड्याला गावच्या गिरणीवर दळण, सोबत मोड आलेली मटकी आणि ताटात लिंबाची एक फोड. खरेदीच्या कागदावर वाणाचं नाव लिहिलं गेलं, तर पेरणीआधीच शेतकऱ्याला कळेल की हा माल घेणारं कुणी आहे.